‘ऐका’ म्हणजे ‘गप्प बसा’ एवढंच का? वर्गात ऐकायला कसं शिकवता?

पळसपान | ८ ऑगस्ट, रात्री ९:४०

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षक, चार वर्ग. तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही मिळून पट २३. मंगळवारी वर्गात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

मी चार ओळींचं पत्र वाचून दाखवलं. मीच लिहिलेलं. नागपूरला शिकणारी ताई गावातल्या धाकट्या भावाला लिहिते: “दादाला रजा मिळाली. पोळ्याला नक्की येईन. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी रंगवून ठेव. घुंगरू मी गेल्या वर्षीसारखे विसरणार नाही.” मग विचारलं, पोळ्याला नक्की येणार असं कोणाबद्दल लिहिलंय? वहीत एका शब्दात लिहा.

२३ पैकी १९ जणांनी लिहिलं, दादा.

मला राग आला. “लक्ष कुठं असतं तुमचं?” म्हणत तेच पत्र पुन्हा वाचलं, आवाज चढवून. पुन्हा दादाच. तिसऱ्यांदा वाचणार तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. रडवेली झाली होती. म्हणाली, “मॅडम, तुमीच तं वाचलं ना, दादाले रजा भेटली, पोयाले येईन म्हनून!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुस्तकातल्या मराठीत ‘येईन’ म्हटलं की ‘मी’. दादा असता तर ‘येईल’ असतं. आपल्या वऱ्हाडीत ‘तो येईन’, ‘बाबा बजारातून आनीन’, ‘माय रागवीन’. म्हणजे लेकरांनी एकेक अक्षर ऐकलं होतं. कान शाबूत, लक्ष शाबूत. त्यांनी घरच्या व्याकरणानं ऐकलं आणि त्या व्याकरणात त्यांचं उत्तर बरोबरच होतं. मीच आवाज चढवून त्यांना तेच चूक ठरवत होते.

अजून एक गोष्ट. ज्या चौघांनी ‘ताई’ लिहिलं, त्यातली तिघं तांड्यावरची आहेत. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, मराठी त्यांना बरीचशी शाळेतूनच मिळालीय.

अभ्यासक्रमात श्रवण, भाषण-संभाषण, वाचन, लेखन असा क्रम असतो. श्रवण सगळ्यांत आधी. वाचन मी शिकवते, अक्षरावर बोट ठेवून. लेखन शिकवते, हात धरून. ऐकण्याचं मात्र मी आजवर फक्त फर्मान सोडत आले. “ऐका रे” म्हणजे “गप्प बसा रे”. घडी घालून हात, तोंडावर बोट. गप्प बसलेलं मूल ऐकतंय असं मी १४ वर्षं धरून चालले.

तुम्ही वर्गात नेमकं काय करता? तत्त्वं नकोत. सोमवारी सकाळी करता येईल असं सांगा.

---

झाडीकाठचा | ८ ऑगस्ट, रात्री १०:२५

मॅडम, अगदी आमच्याकडचीच गोष्ट, बोली तेवढी वेगळी. मी गडचिरोली जिल्ह्यात, वडसा भागात आहे. आमच्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळ्याला डोरा, पाण्याला पानी. मी श्रुतलेखन घालायचो तर निम्म्या वर्गाचं चुकायचं, आणि मी शेरा मारायचो, ‘श्रवण कच्चे’. पुढं कळलं की मी श्रवण तपासतच नव्हतो, शुद्धलेखन तपासत होतो. ‘डोळे आले’ ऐकून पोरगं ‘डोरे आले’ लिहितं, तेव्हा त्याला अर्थ पूर्ण पोचलेला असतो. त्याच्या कानाला शून्य गुण का?

आता दुसरी बाजू. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा सुरू होते, दंडार हे लोकनाट्य असते, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात. रात्रभर नाटक. माझ्या वर्गातला जो पोरगा पाच ओळींच्या उताऱ्यावर ‘आठवत नाही’ म्हणतो, तो दुसऱ्या दिवशी अख्खा अंक करून दाखवतो. खलनायक कुठं थांबला, आवाज कुठं खाली आणला, सगळं. ऐकण्याची ताकद नाही असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

फरक एवढाच की नाटकाला निघण्याआधी त्याला नाव माहीत असतं, कोण काम करतंय माहीत असतं, मागच्या वर्षीच्या नाटकाची आठवण असते. वर्गातला उतारा आभाळातून पडतो.

म्हणून मी पिशवी आणतो. गोष्ट वाचायच्या आधी तीन वस्तू टेबलावर काढायच्या. मागच्या आठवड्यात कंदील, कुलूप आणि ओला टॉवेल होता. विचारायचं, यातलं गोष्टीत आधी काय येईल? पोरं भांडतात, पैज लावतात. मग वाचायला घ्यायचं. तुम्हाला शपथेवर सांगतो, त्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, आणि ‘गप्प बसा’ म्हणावं लागत नाही. पैज कोण जिंकलं ते प्रत्येकाला कळून घ्यायचं असतं.

---

चौथातास | ९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

दोघांचंही वाचलं. मनापासून वेगळं मत मांडतो. २२ वर्षं नोकरी झाली. शाळा तपासायला येणारा प्रत्येक माणूस वाचायला लावतो, गणित घालतो, वही बघतो. एखादा उतारा ऐकवून ‘काय कळलं’ विचारणारा मी एकही पाहिला नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराची नोंद, बैठका. तिसरीतलं मूल जोडाक्षरावर अडखळत असताना मी पिशवीत टॉवेल कोणत्या वेळी भरू? आधी वाचन येऊ द्या, ऐकणं आपोआप येतं.

---

पळसपान | ९ ऑगस्ट, दुपारी १:०५

@चौथातास सर, वेळेची ओढाताण मलाही आहे, ती नाकारत नाही. पण ‘आपोआप येतं’ हे मला पटत नाही. जे वाक्य कानाला कळत नाही ते वाचून कसं कळेल? माझ्या वर्गातलं पोर ‘येईन’ घडाघडा वाचून दाखवील आणि तरी दादाच समजेल. वाचन उत्तम, अर्थ चुकीचा. ते पत्र चार ओळींचं होतं, प्रश्नासकट सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत मला माझ्या वर्गाबद्दल जे कळलं ते वर्षभराच्या वह्या तपासून कळलं नव्हतं.

@झाडीकाठचा सर, पिशवी सोमवारी करतेच.

---

सातपुड्याची_सावली | ९ ऑगस्ट, रात्री ८:५०

मेळघाटात, धारणी तालुक्यात आहे, पहिली-दुसरी. आमच्याकडे प्रश्न बोलीचा नाही, भाषेचाच आहे. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, ती संथाली-मुंडारीच्या घरातली. पहिलीत आलेल्या लेकराला माझं बोलणं म्हणजे नुसता आवाज. कुठं शब्द संपला, कुठं सुरू झाला हेही त्याला कळत नाही.

सुरुवातीला मी चूक केली ती लिहून ठेवते, म्हणजे नवीन रुजू होणाऱ्या कोणाला उपयोग होईल. मी बोलायला लावायची. “बोल, मी शाळेत जातो. बोल.” लेकरं पोपटासारखं म्हणायची, नाहीतर जूनमध्ये आलेली पोळ्यापर्यंत शाळेतून गायब व्हायची. कोणी समजावून सांगितलं म्हणून थांबले. आता पहिले दोन महिने मी उत्तर मागतच नाही. फक्त हालचाल मागते. “उठ. दाराजवळ जा. डबा उचल. डबा खिडकीत ठेव.” मी स्वतः करत करत सांगते, मग नुसतं सांगते. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. तोंडापेक्षा अंगानं आधी उत्तर द्यायचं. आमच्या लेकरांना ती जन्माची ओळखीची असल्यासारखी भावते, कारण घरी कामं अशीच शिकतात, बघत आणि ऐकत.

गेल्या वर्षी एक मुलगी सप्टेंबरपर्यंत एक शब्द बोलली नाही. डबा मात्र कधी चुकीच्या जागी ठेवला नाही. एक दिवस मी मुद्दाम म्हटलं, “डबा खिडकीत ठेव,” आणि स्वतः तो जमिनीवर ठेवला. ती उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, “खिडकी.” तिचा पहिला मराठी शब्द मला दुरुस्त करणारा होता. ते आठवलं की अजून डोळे भरून येतात.

मुकं बसलेलं लेकरू रिकामं नसतं. ते साठवत असतं.

---

वावरातला | १० ऑगस्ट, सकाळी ६:२०

मी मास्तर नाही, शेतकरी हाव. दोन पोरं शायेत जातेत. एकच सांगतो. पोरगं घरी आलं का मी इचारतो, आज मॅडमनं काय सांगतलं? तं म्हनते, काई नाई. पन त्यालेच म्या सांगतलं का वरच्या वावरात ज्या पाट्यावर पाना ठेवला हाय त्याच्या डाव्या बाजूची बाटली आन, हिरव्या झाकनाची, निया नाई, तं बरोबर तेच आनते. चुकलं तं पुन्हा तेवढं चालाव लागते न. कामासाठी आयकते ते पोरगं. तुमी बी कायच्या तरी कामासाठी आयकवा.

---

पळसपान | १० ऑगस्ट, सकाळी ७:००

भाऊ, तुमचं वाक्य मी माझ्या टाचण वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलंय.

---

पुसदची_इंग्रजी | १० ऑगस्ट, दुपारी ४:३०

कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे. म्हणजे माझ्याकडे अकरावीत येणारं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. पण त्यानं ऐकलेलं इंग्रजी म्हणजे सरांनी एक वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं. कान मराठी वाक्याची वाट बघायला शिकतो. इंग्रजी चालू असताना तो विश्रांती घेतो. यात पोराचा दोष नाही, आम्हीच त्याला तसं वळण लावलं.

मी डिक्टोग्लॉस करतो. नाव जड आहे, काम साधं. सहा-सात वाक्यांचा मजकूर नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचा. श्रुतलेखनासारखं तोडून तोडून नाही. पहिल्यांदा फक्त ऐकायचं, दुसऱ्यांदा कानाला लागतील ते शब्द टिपायचे. मग चौघाचौघांनी मिळून मजकूर पुन्हा उभा करायचा. तुमचा शब्द नि माझा शब्द एक नसला तरी अर्थ तोच हवा. खरं शिकणं त्या दहा मिनिटांच्या भांडणात होतं. “वॉज म्हटलं का विल?” “अरे काल होतं ना, मग विल कसं?” आपल्याला काय ऐकू आलं नाही हे पोराला दुसऱ्या पोराकडून कळतं. तिथं लाज नसते.

मोबाईलवरचं रेकॉर्डिंग सुरुवातीला टाळतो. माणूस समोर असला की चेहरा दिसतो, थांबवता येतं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचं ध्वनिमुद्रण नंतर, ब्लूटूथ स्पीकरवर. मोबाईलचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतच नाही.

आणि एक सवय, जी मला फार उशिरा लागली: प्रश्न विचारून थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्ग ध्वनिमुद्रित करून पाहिले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलली. मी मनात ‘एक पळस, दोन पळस, तीन पळस’ म्हणतो. पहिल्या आठवड्यात ते तीन पळस मला जंगलाएवढे वाटले. टिकलो. आता मागच्या बाकावरून हात वर येतात.

---

कानसेवा | ११ ऑगस्ट, रात्री ९:१५

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या श्रवण तपासणीचं काम करते. इथं सगळे ऐकण्याच्या शिकवणीबद्दल बोलताय, ते वाचून आनंद झाला. पण आधी एक गोष्ट तपासा: ऐकू येतंय का?

सर्दी-खोकल्याच्या दिवसांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. अशा मुलाला आज कमी ऐकू येतं, पंधरा दिवसांनी बरं ऐकू येतं, म्हणून घरचे म्हणतात “मनात असलं की बरोबर ऐकतं”. वर्गात ते खोडकर ठरतं, नाहीतर मंद. ओळखायच्या खुणा: सतत तुमच्या ओठांकडे बघतं, प्रश्नाला शेजाऱ्याकडे पाहून उठतं, एकच कान पुढे करतं, रेडिओ-टीव्हीचा आवाज वाढवतं. तोंडासमोर हजेरीपट धरून, मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून हळू आवाजात साधे शब्द म्हणा, त्याला परत म्हणायला सांगा. ही काही वैद्यकीय तपासणी नाही, पण शंका येण्यापुरती चालते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून आहे, ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी त्यात होते, पथक शाळेत येतं. त्या दिवसाची वाट न बघता नावं काढून ठेवा. आणि कान वाहत असेल तर घरी तेल घालू देऊ नका. हे पालकसभेत ओरडून सांगा.

दुसरं, खोली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनात शिकवणं चालू असताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा असं म्हटलंय. पत्र्याच्या छपरावर श्रावणसर पडली की तुमचा आवाज कुठं जातो ते तुम्हाला माहीतच आहे. अशा वेळी ऐकण्याचं काम घेऊ नका, लेखन द्या.

---

जुनाश्रोता | १२ ऑगस्ट, दुपारी ३:००

निवृत्त मुख्याध्यापक. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, आमच्या घरी रेडिओ आला तो फार नंतर. बाबा वावरात असायचे. निघताना मला सांगायचे, “पावसाचं काय सांगतात ते ऐकून ठेव, विदर्भाचं वेगळं सांगतात.” संध्याकाळी ते विचारणार म्हणून मी सगळ्या बातम्या सोडून त्या एका वाक्याची वाट बघायचो. किती ऐकायचं आणि किती सोडून द्यायचं हे मला तिथं कळलं. @वावरातला यांनी तेच सांगितलंय.

गाडगेबाबांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्या वडीलधाऱ्यांकडून मी ऐकलंय. बाबा वऱ्हाडीत बोलायचे आणि सारखे प्रश्न विचारायचे. समोरचा हजारोंचा समुदाय उत्तर द्यायचा, मग ते पुढे जायचे. एकही माणूस नुसता बसून राहू शकत नसे. अक्षरओळख नसलेल्या लोकांना तासन् तास ऐकत ठेवण्याची ती विद्या आपल्याच अमरावती जिल्ह्यातली. आपण मात्र उतारा संपेपर्यंत विचारत नाही, आणि मग एकदम पाच प्रश्न टाकतो. मध्येच थांबा. “आता काय होईल?” विचारा. मग पुढचं वाचा.

---

चौथातास | २३ ऑगस्ट, रात्री ८:२०

वाद घालून निघून गेलो होतो, प्रामाणिकपणे परत आलोय. सात मिनिटांचं गणित डोक्यात राहिलं. रोज परिपाठात बातम्या वाचतोच. त्याच बातम्यांआधी आता एक प्रश्न फळ्यावर लिहितो: ‘आज कोणत्या धरणाचं नाव येतं?’ वेगळा वेळ लागला नाही. वाचणारं पोरही स्पष्ट वाचू लागलं, कारण बाकीचे ओरडतात, “धरणाचं नाव पुन्हा सांग!” वाचन आधी की ऐकणं, यावर माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण हे चालू ठेवणार.

---

पळसपान | १४ सप्टेंबर, रात्री १०:१०

महिनाभराचं सांगते.

‘येईन’चा धडा घेतला. फळ्यावर दोन रकाने, ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’. चूक-बरोबर असं लिहिलं नाही. “बाबा आनीन” डावीकडे, “बाबा आणतील” उजवीकडे. पोरांनीच वाक्यं दिली, फळा भरला. मग ‘काया-काळा’, ‘केय-केळ’ आलं. एका मुलानं उत्साहात ‘गाय’ला उजवीकडे ‘गाळ’ केलं, आणि सगळा वर्ग त्याच्याशी वाद घालायला लागला. नियम असा लावत सुटायचं नाही, शब्द ऐकून ठेवावा लागतो, हे त्यांचं त्यांनाच कळलं. गेल्या आठवड्यात तसंच नवं पत्र वाचलं. २३ पैकी १४ जणांनी बरोबर ओळखलं. नऊ जण अजून अडकतात. घाई नाही.

हजेरीपट तोंडासमोर धरून पाहिलं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला मी दोन वर्षं ‘तंद्रीत असतो’ म्हणत होते, त्याला सहापैकी दोनच शब्द म्हणता आले. कान वाहायचा, घरी तेल घालायचे. त्याच्या आईला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. औषध चालू आहे, पुढची तपासणी यवतमाळला. तो आता पहिल्या बाकावर, माझ्या उजव्या हाताला बसतो, कारण उजवा कान बरा आहे. @कानसेवा ताई, तुमचे आभार कसे मानू?

तांड्यावरच्या एका मुलीच्या आजीला शाळेत बोलावलं. तिनं गोरमाटीत गोष्ट सांगितली. त्या दिवशी वऱ्हाडी बोलणारी पोरं पहिल्यांदाच न कळणारी भाषा ऐकत बसली आणि तांड्यावरची तिघं त्यांना समजावून सांगत होती. जी मुलगी वर्गात हळू आवाजात बोलते, तिनं आजीला मध्येच थांबवून विचारलं, “याडी, थांब. इतलं समजलं का तुमाले?” आणि वर्गाकडे वळून बघितलं.

परवा मी नवा उतारा काढला आणि सवयीनं म्हणाले, “चला, ऐका.” पत्राच्या दिवशी रडवेली झालेली तीच मुलगी उभी राहिली. “मॅडम, अगुदर हे सांगा, कोन बोलून रायलं, आन आमाले त्यातलं काय शोधाचं हाय?”

मी उतारा खाली ठेवला आणि आधी तेवढं सांगितलं.

---

झाडीकाठचा | १४ सप्टेंबर, रात्री १०:३२

मॅडम, ती दोन्ही पत्रं इथं टाका ना. आमच्या झाडीतल्या पोरांना वाचून दाखवतो. आमच्याकडे किती दादा निघतात ते बघू.